वरची खोली, खालची जुनी वायर आणि दोन लाखांची ठेव

बेळगावातल्या वडगावच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. वय 52, नोकरी उद्यमबागेतल्या फौंड्रीत, घर 1988 सालचं. मुलाच्या लग्नाआधी वर एक खोली चढवायची आहे. खालूनच लाइन ओढून वरच्या खोलीपुरतं काम केलं तर वायरमन 45,000 रुपये सांगतो, आणि सगळ्या घराचं वायरिंग बदललं तर 1,40,000. हॉलच्या फॉल्स सीलिंगचे 60,000 वेगळे. बँकेत दोन-दोन लाखांच्या दोन ठेवी आहेत, 7 टक्क्यांच्या. घरखर्च महिन्याला 35,000. ठेव मोडावी की 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी दोन लाखांचं वैयक्तिक कर्ज घ्यावं? कर्जाचा एजंट म्हणतो, व्याज जाईल तेवढंच ठेवीवर येईल, ठेव मोडता कशाला!

एजंटाचे आकडे खोटे नाहीत, म्हणून तर माणूस फसतो. दोन लाखांवर हप्ता साधारण 6,835 रुपये बसतो आणि तीन वर्षांत व्याज जातं 46,000. तेवढ्याच काळात दोन लाखांच्या ठेवीवर व्याजही 46,000 च्या आसपास मिळतं. पण हप्ता तुमच्या पगारातून जाणार, तो एजंटाने हिशेबातच धरला नाही. ठेव मोडून काम केलंत आणि तेच 6,835 रुपये दरमहा 7 टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकलेत, तर तीन वर्षांनी पावणेतीन लाखांच्या जवळ रक्कम उभी राहते. कर्ज घेऊन ठेव तशीच ठेवली तर हातात असतात 2,46,000. सव्वीस हजारांचा फरक आहे. मुदतीआधी मोडल्याचा दंड त्यातून वजा करा, तरी कर्ज महागच. ठेवीची मुदत दोन-चार महिन्यांत संपत असेल तर मोडू नका, तिच्यावरच उचल घ्या.

तेव्हा एक ठेव मोडा. दुसरीला हात लावू नका, सहा महिन्यांचा घरखर्च म्हणजे जवळजवळ तेवढीच रक्कम होते.

आता काम कोणतं करायचं? फॉल्स सीलिंग सोडा. सगळ्या घराचं वायरिंग करा. त्या काळातल्या घरांत लाकडी पट्टीवर अॅल्युमिनियमची वायर असायची. तुमच्याकडे तीच असेल आणि तिला तांब्याची नवी वायर जोडून वर गीझर लावला, तर तो सांधा तापत राहणार. 2 किलोवॅटचा गीझर साडेआठ-नऊ अँपिअर ओढतो. 45,000 चं काम स्वस्त दिसतं, पण पुढे खालचं वायरिंग करायची वेळ आली की नवा रंग आणि गिलावा पुन्हा फोडायचा.

मात्र 1,40,000 हा लमसम आकडा मान्य करू नका. प्रत्येक खोलीतले पॉइंट मोजून यादी करा: दिवे, पंखे, 16 अँपिअरचे सॉकेट, गीझर, इन्व्हर्टरची लाइन. पॉइंटचा दर आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. वायरची जाडीही कागदावर हवी. दिव्यांना 1.5 चौरस मिलिमीटर, 16 अँपिअरच्या सॉकेटला 2.5, गीझर-एसीला 4. डीबीत, म्हणजे सगळ्या लाइन जिथून फुटतात त्या मुख्य पेटीत, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि नवं अर्थिंग यादीत नसेल तर ती यादी अपुरी आहे. आयएसआय मार्कच्या 90 मीटरच्या कॉइल स्वतः आणा, जीएसटीचं बिल घ्या. पुढे घर विकायची वेळ आली तर वरच्या खोलीचा आणि तिच्या वायरिंगचा खर्च सुधारणेचा खर्च म्हणून भांडवली नफ्यातून वजा करता येतो, पण त्याला बिल लागतं. साध्या दुरुस्तीला आणि रंगरंगोटीला ही सवलत नाही.

भिंतीत झिऱ्या मारून पाइप बसले की गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजायची टेप लावून फोटो काढा. उद्या कपाट ठोकताना कुठे ड्रिल मारायचं नाही, हे त्यातूनच कळेल. डीबीच्या दाराच्या आत कुठला एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच) कशाचा, याचा कागद चिकटवून घ्या. शेवटचे पंधरा टक्के पैसे मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून तपासणी झाल्यावर आणि वायरिंगचा नकाशा हातात आल्यावरच द्या. वायरमन कुरकुर करेल. करू दे.

एसीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण नव्या खोलीत तो येतोच. गरिबांचं महाबळेश्वर म्हणवणाऱ्या गावात त्याची गरज किती, ते तुम्ही ठरवा. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत मात्र महिन्याला 200 युनिटच्या वर गेलात की पूर्ण बिल भरावं लागतं, आणि दीड टनाचा एसी रोज सहा-सात तास चालला तर एकटाच शंभराच्या वर युनिट खातो. आज लाइन तेवढी टाकून ठेवा, यंत्र नंतर.

बिलावरचा मंजूर भारही पाहून घ्या. तो एक-दोन किलोवॅटच असेल तर हेस्कॉमकडे (आपली वीज कंपनी) परवानाधारक कंत्राटदारामार्फत वाढवून घ्या. भार वाढला की स्थिर आकारही वाढेल. आरआर नंबर, म्हणजे बिलावरचा वीजजोडणीचा क्रमांक, अजून वडिलांच्या नावावर असेल तर नावबदलाचा अर्जही त्याच फेरीत देऊन टाका.