पाय उचलला तरी सूर सुटत नाहीत

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे, चार वर्षं पियानो शिकते. घरी तीन पेडलचा डिजिटल पियानो आहे. तो यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून, लॅपटॉपमधल्या पियानोच्या आवाजात ती रेकॉर्डिंग करते आणि सरांना पाठवते. पियानोच्या हेडफोनवर सगळं स्वच्छ ऐकू येतं, पण लॅपटॉपमधून एक कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) दुसऱ्यात सांडतो. सर म्हणाले, ‘पाय वेळेवर उचलत नाहीस.’ तेव्हापासून ती पेडलला पायच लावत नाही. दुकानदार नवीन पेडल घ्या म्हणतो. काय करू?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, हे वाचून झालं की आधी लेकीला जवळ बसवून सांगा, की तिच्या पायाचा दोष दिसत नाही. पाय उशिरा उचलला जात असता, तर पियानोच्या हेडफोनवरही असाच काला झाला असता. तिथे स्वच्छ ऐकू येतं हे तुम्ही आवर्जून लिहिलंत, फार बरं केलंत.

तुमच्या जोडणीत केबलमधून आवाज जात नाही, निरोप जातात. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, पेडल कुठवर खाली गेलं. मिडी नावाची ही भाषा १९८३पासून चालत आलीय. उजव्या, म्हणजे सूर लांबवणाऱ्या पेडलचा निरोप ६४ क्रमांकाचा, आणि त्याच्यासोबत ० ते १२७ यांमधला एक आकडा. साधं सुटं पेडल ० आणि १२७ एवढंच बोलतं. तीन पेडलच्या संचातलं उजवं पेडल बहुतेक वेळा मधले आकडेही पाठवतं. खऱ्या पियानोत डँपर, म्हणजे तारेचा आवाज थांबवणारी गादी, तारेला जेमतेम टेकवून सूर अर्धा धरतात, ते इथे त्यामुळेच जमतं.

माझा संशय इथेच आहे. पाय पूर्ण उचलल्यावर आकडा शून्यावर येत नसेल, तर लॅपटॉपमधल्या पियानोला वाटतं, डँपर अजून थोडे वर आहेत. तो बिचारा मिळालेला निरोप तंतोतंत पाळतो. घरचा पियानो स्वतःच्या आवाजासाठी सुरुवातीच्या थोड्या आकड्यांकडे काणाडोळा करत असेल, तर तिथे हा दोष लपून राहतो.

आकडा डोळ्यांनी पाहता येतो. विंडोज असेल तर मिडी-ऑक्स हा छोटा प्रोग्राम घ्या. त्याआधी रेकॉर्डिंगचा प्रोग्राम पूर्ण बंद करा, कारण विंडोजवर बरेचदा एका वेळी एकालाच पियानो सापडतो. मग पेडल हळूहळू दाबा आणि सोडा. ओळी भराभर उतरतील. त्यात ‘बी०, ४०’ दिसलं की ते आपलं पेडल. घाबरू नका, इथे आकडे सोळाच्या पाढ्यात लिहिलेले असतात : ४० म्हणजे ६४, आणि ७एफ म्हणजे १२७. पाय काढल्यावर शेवटच्या ओळीत ०० यायलाच हवं.

माझ्याकडच्या एका पियानोत तिथे १४ यायचं, म्हणजे आपले २०. पेडलची पेटी उलटी करून उघडली, तर पेडलखालची फेल्टची पट्टी सुटून दांड्याखाली गोळा झाली होती आणि तिच्यात केस आणि धूळ अडकली होती. धूळ झाडली, चपला चिकटवतात त्या सोल्युशनने पट्टी जागेवर बसवली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ००. नवीन काही विकत घ्यावं लागलं नाही. तुमचा पियानो वॉरंटीत असेल तर मात्र पेटी स्वतः उघडू नका, मेकॅनिकला हा आकडा दाखवा. ‘पेडल बिघडलंय’ म्हणण्यापेक्षा ‘पाय काढल्यावर वीसवर अडकतं’ म्हटलं की त्याचंही काम सोपं होतं.

आणि दाबल्यावर ७एफपर्यंत पोचतच नसेल, तर पेटीच्या तळाशी एक गोल टेकू-स्क्रू असतो तो पाहा. तो जमिनीला घट्ट टेकायला हवा. पियानोखालची सतरंजी काढली की तो अधांतरी राहतो आणि दाबताना सगळी पेटीच वाकते.

दुरुस्तीला वेळ लागणार असेल, तर प्यानोटेकसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पेडलचा आलेख वाकवून पहिले पंचवीस-तीस आकडे शून्यात जमा करता येतात. तात्पुरतं तेवढं चालेल. पण कुणी ‘पेडल नुसतं चालू-बंद करून टाका’ म्हणालं, तर ऐकू नका. अर्ध्या पेडलचा अंदाज याच वयात पायात बसतो, तो मोडायला नको. आणि सरांना दोन्ही ऐकवा, पियानोच्या हेडफोनच्या भोकातून घेतलेलं आणि लॅपटॉपमधलं, एकाच वाजवण्याचं. ‘पाय आळशी’ हा शिक्का तिच्यावरून सरांनी स्वतः पुसलेला बरा.

प्रश्न : कीबोर्डला सुटं पेडल लावलंय. दाबलं की सूर तुटतो, सोडलं की वाजतच राहतो! लॅपटॉपवरही तेच.
— एक विद्यार्थी, मडगाव

उत्तर : पेडल उलटं वाचलं जातंय. काही पेडलांचा स्विच मुळात उघडा असतो, काहींचा मिटलेला. पुष्कळ कीबोर्ड सुरू होताना पेडलची स्थिती तपासतात आणि तीच ‘पाय वर’ धरून चालतात. तेव्हा कीबोर्ड बंद कर, पेडलची जाड पिन पूर्ण आत बसव, पाय लांब ठेव आणि मग सुरू कर. तरीही उलटंच राहिलं तर पेडलच्या तळाशी किंवा बाजूला छोटं बटण आहे का बघ. ते कीबोर्ड बंद असतानाच सरकवायचं.