आजींची जीभ आणि चारचौघांतली अब्रू

पत्र : माझे वय २८. आजी १९६१ मध्ये पेणहून आई-वडिलांबरोबर इस्रायलला आली, १९६३ मध्ये तिथल्याच दिमोना गावात तिचे लग्न झाले. मी तिच्याच हाताखाली वाढले, मराठीही तिनेच शिकवली. तिची जीभ फार तिखट आहे. गेल्या महिन्यात घरी मलिदा, म्हणजे आमचा गोड पोह्यांच्या प्रसादाचा विधी, होता. माझ्या होणाऱ्या सासूबाई मोरोक्कन ज्यू घराण्यातल्या. ताटातले गोड पोहे खाता खाता त्यांनी सहज विचारले, "भारतात तुमची लग्ने कोण लावायचे? रब्बी होते का?" रब्बी (ज्यू धर्मगुरू) नव्हते, हझ्झान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, लग्ने लावायचे, असे मी सांगू लागले, तोच आजी मराठीत ओरडली, "घरातली लक्तरं वेशीवर टांगायला हीच सापडली का तुला? चारचौघांत नाक कापलंस!" निम्म्या पाहुण्यांना मराठी कळते. मी उठून बाहेर गेले. साखरपुड्याला तिला बोलावूच नये असे वाटते. माझे चुकते आहे का? — दिमोनाची नात

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. पाहुण्यांनी भरलेल्या घरात, होणाऱ्या सासूसमोर वयात आलेल्या नातीला असे बोलणे कोणत्याही आजीला शोभत नाही. तरीही पत्रातले एक वाक्य तुम्ही घाईने उरकले आहे आणि माझ्या मते गाठ तिथेच आहे. आजींचे लग्न १९६३ मधले. त्या काळात बेने इस्राएल, म्हणजे तुमच्या कोकणी ज्यू समाजातल्या मुलीच्या लग्नाभोवती काय चालले होते, हे घरात कधी कोणी तुम्हाला सांगितले आहे का?

कोकणात तुमचे पूर्वज घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. तिथे त्यांच्या धर्माचा पुरावा कोणी मागितला नाही. तो मागितला गेला ज्यूंच्या देशात. कोकणात शतकानुशतके रब्बी नव्हते, तेव्हा घटस्फोट आणि विधवेच्या पुनर्विवाहाचे नियम शास्त्राप्रमाणे पाळले गेले असतील का, बाहेरच्यांशी सोयरिकी झाल्या असतील का, अशा शंका काढून काही रब्बींनी बेने इस्राएल आणि इतर ज्यू यांची लग्ने लावायला नकार दिला. पुढे १९६२ मध्ये मुख्य रब्बिनेटने, म्हणजे रब्बींच्या सर्वोच्च संस्थेने, अशा लग्नांच्या नोंदणीपूर्वी बेने इस्राएल व्यक्तीच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी, असे निर्देश काढले. समाज पेटून उठला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले, प्रकरण क्नेसेटपर्यंत (इस्रायलच्या संसदेपर्यंत) गेले, बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असे सरकारने जाहीर केले आणि रब्बिनेटला त्या निर्देशांतून समाजाचे नाव वगळावे लागले.

आता सासूबाईंचा प्रश्न पुन्हा वाचा. लग्ने कोण लावायचे, रब्बी होते का? त्या माउलीने जिज्ञासेपोटी विचारले; पण आजींच्या कानांना ती नोंदणी कचेरीतली विचारणा वाटली असणार, आणि तीही नात दुसऱ्या समाजात लग्न करत असताना. तुम्ही सरळपणे "रब्बी नव्हते" म्हणालात, ते त्यांना कबुलीजबाबासारखे लागले असावे.

एवढे समजून घेतले तरी आजी सुटत नाहीत. वर्षानुवर्षे तिखट बोलणाऱ्या माणसाची प्रत्येक चूक आपण इतिहासाच्या खात्यावर टाकू लागलो, तर घरातल्या लहानांनी किती सोसायचे? शिवाय वंशाची खोट काढण्याचा खेळ फक्त रब्बींनीच खेळला असे नाही. तुमच्या समाजातच 'गोरे' आणि 'काळे' इस्राएल असा भेद होता आणि ज्यांच्या घरात बाहेरची सोयरीक झाली होती, त्या 'काळ्यां'शी 'गोरे' लग्नसंबंध टाळत. पेणच्या घरात वाढलेल्या आजींना हे ठाऊक असेलच. अब्रूची ही धास्ती आजी इस्रायलला येण्याआधीपासूनची आहे, असे मला वाटते.

त्यांच्याशी बोलताना त्यांच्याच धर्माचा आधार घ्या. चारचौघांत माणसाला लाज आणणे म्हणजे रक्त सांडण्यासारखे आहे, असे तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ सांगतो आणि दाखला यहूदाची विधवा सून तामार हिचा देतो. व्यभिचाराच्या आरोपावरून जाळायला नेत असतानाही तिने यहूदाचे नाव घेतले नाही; त्याची मुद्रा, दोरी आणि काठी तेवढी त्याच्याकडे पाठवली आणि ज्याच्या या वस्तू, त्याच्यापासून मी गरोदर आहे, इतकेच कळवले. ही गोष्ट आजींना माहीत असेल. मात्र ती ताशेरा म्हणून फेकू नका, नाहीतर दोघींच्या जिभा एकाच धारेच्या ठरतील.

शब्बातच्या (शनिवारच्या विश्रांतिदिनाच्या) जेवणावर सगळे जमलेले असताना हा विषय काढू नका. एखाद्या दुपारी एकटीने जा आणि मराठीतच बोला. आधी तुमचे दुखणे स्पष्ट सांगा : "आजी, तू मला सगळ्यांसमोर बोललीस, ते मला फार लागलं. पुन्हा असं झालं तर मी तिथून उठेन." त्यानंतर १९६३ बद्दल विचारा आणि मग गप्प बसून ऐका. हा क्रम उलटा करू नका. त्यांची कहाणी आधी ऐकलीत, तर स्वतःचे बोलण्याचा धीर तुम्हाला राहणार नाही. त्या माफी मागतील अशी आशा धरू नका. त्या पिढीतल्या बायका बहुधा माफीऐवजी ताटात जास्तीचे वाढतात.

सासूबाईंना आजींच्या त्या वाक्यांचा अर्थ आणि रब्बिनेटच्या निर्देशांची हकीकत तुम्हीच सांगा, त्यांच्या मुलावर सोपवू नका. दिमोना १९५५ मध्ये वसले, तेव्हा तिथे आणून ठेवलेल्यांत मोरोक्कोचे ज्यूच बहुसंख्य होते. नव्या देशाने आपल्याला खालचे मानणे काय असते, हे त्यांच्या घराण्याला शिकवावे लागणार नाही. लग्नाच्या नोंदणीसाठी आई-वडिलांची केतुबा, म्हणजे विवाहाचा करारनामा, लागेल, ती आईकडून घ्या आणि आजींना त्या कचेरीची पायरी चढायला लावू नका.

साखरपुड्याला त्यांना बोलवा. न बोलावण्याने त्यांची जीभ सुधारणार नाही आणि ज्या चारचौघांची त्यांना धास्ती आहे, तेच चारचौघे त्यांची रिकामी खुर्ची पाहून बोलतील. फक्त त्यांना सासूबाईंच्या शेजारी बसवू नका. मध्ये तुमच्या आईला बसवा. मलिद्याच्या दिवशी ती काय करत होती, याचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही. आजींना वेळीच आवरण्याचे काम आता तिने करायला हवे, आणि हे तिला साखरपुड्याआधीच सांगून ठेवा.