वर्णन वाचक गाळतात, काय करू?

प्रश्न: मी कादंबरी लिहायला घेतलीय. सुरुवातीला आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडचं चार पानं वर्णन आहे, मैत्रीण म्हणाली की तिनं ते गाळून पुढचं वाचलं. खूप वाईट वाटलं. कादंबऱ्या वाचून वर्णन शिकता येतं का? मी वाचते भरपूर, पण हातात काही येत नाही.

उत्तर: येतं की, नक्की येतं, पण पहिल्या वाचनात नाही. पहिल्यांदा आपण गोष्टीमागे पळत असतो. आवडलेली कादंबरी परत काढायची, पेन्सिल घ्यायची आणि जिथं जिथं जागा दिसते तिथं समासात एवढंच लिहायचं की हे कोण बघतंय आणि त्याला तिथं काय काम आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी (1955) घ्या. माणदेशातली धनगरांची वाडी, आणि ती आपल्याला दिसते नवीन आलेल्या तरुण मास्तरच्या नजरेनं. त्याला शाळा चालवायचीय, म्हणून तो पोरं शोधतो, आणि पोरं मेंढरांमागं रानात. बघा, मेंढरं हे नुसतं वर्णन राहिलंच नाही, ती मास्तरची अडचण झाली. पुढं पाऊस दगा देतो, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जातात, तेव्हा आपल्या पोटात कालवतं कारण ते रान आपण आधी त्याच्यासोबत तुडवलेलं असतं. माडगूळकर चित्रंही काढायचे, तरी रंगांची उधळण करत नाहीत, मोजक्या रेघा मारतात. मी त्यातली पानंच्या पानं वहीत हातानं उतरवून काढलीत, तुम्हीही काढा, छोटं वाक्य कुठं थांबतं ते डोळ्यांपेक्षा हाताला लवकर कळतं.

मग लगेच गोनीदांची, म्हणजे गो. नी. दांडेकरांची, पडघवली वाचा. तीही 1955 चीच, पण ती सांगते अंबूवहिनी, कोकणातल्या एका घरात सून म्हणून आलेली बाई, त्यामुळे कोकण येतं ते तिच्या बोलण्यातून, घरातून, सणावारातून. समुद्र-माड असं पोस्टकार्ड नाही.

आता तुमचा स्टँड. फलाट, पत्रे, चौकशीची खिडकी, वडापावची गाडी, सगळं आहे पण बघणारं कोणीच नाही, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतंय. समजा तुमच्या नायिकेची मुक्कामाची गाडी चुकलीय आणि कडेवर पोर झोपलंय. तिला पत्रे कशाला दिसतील? तिला बाकडं दिसेल, त्यावर आडवा झालेला माणूस दिसेल, कुठला दिवा रात्रभर चालू राहणार ते ती आधी बघेल. तोच स्टँड कंडक्टरनं बघितला तर वेगळा, त्याला हिशोब देऊन झोपायचंय. दोन्ही लिहून बघा, अर्धं अर्धं पान, जास्त नको. आणि ती चार पानं फाडू नका हं, त्यातलं एखादं बाकडं पुढं कुठंतरी लागेल.

नंतर उद्धव शेळक्यांची धग (1960) घ्या. वऱ्हाडी बोली सुरुवातीला जड जाईल, तेव्हा मोठ्यानं वाचा.