स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर कायम पुढे, मग पुणे मागे का?

पुण्यात कचरा गोळा करणाऱ्यांची कमतरता नाही. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 पासून आहे, आणि तिच्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ संस्था दारोदार कचरा उचलते. इतकं चांगलं जाळं फार कमी शहरांकडे आहे.

स्वच्छ सर्वेक्षण, म्हणजे केंद्र सरकारची शहरांच्या स्वच्छतेची क्रमवारी, 2016 साली 73 शहरांपासून सुरू झालं, तेव्हा म्हैसूर पहिलं होतं. 2017 ते 2022 दरवर्षी इंदूर पहिलं. 2023 ला सुरतसोबत मिळून पहिलं. इंदूरला घरोघरी येणाऱ्या गाडीत ओल्या-सुक्याचे वेगळे कप्पे असतात, आणि ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी (गाड्यांना चालणारा गॅस) करणारा रोज 550 टन क्षमतेचा प्रकल्प 2022 ला सुरू झाला.

आपलं अडतं ते घरातच, असं माझं स्पष्ट मत आहे. वेगळं न करता एकाच पिशवीत सगळं भरायचं, वेळ चुकली की कोपऱ्यावर टाकायचं. त्या कोपऱ्यांना महापालिका ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणते. वापरलेलं सॅनिटरी पॅडसुद्धा तसंच टाकतात, आणि ते कचरावेचक ताईंना हातानं निवडावं लागतं. निदान ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे त्यांना ते ओळखता येईल. पुण्याचा कचरा डेपो असलेल्या उरुळी-फुरसुंगीच्या लोकांनी आपला कचरा वर्षानुवर्षं सोसलाय, हेही क्रमांक बघताना आठवावं.