लाइक्स भरपूर आले, काम एकही नाही

प्रश्न : मी फ्रीलान्स व्हिडिओ एडिटर आहे. कामं ओळखीतूनच येतात, कधी एकदम चार तर कधी महिनाभर काहीच नाही. मध्ये फेसबुकवर एक पोस्ट बूस्ट केली (पैसे भरून जास्त लोकांना दाखवली), लाइक्स धो धो आले पण काम एकही नाही मिळालं. आता गूगल अ‍ॅड्सवर पैसे घालावेत का?

उत्तर : घाला, पण थोडे, आणि आधी थोडी तयारी करून.

बूस्टचं काय झालं असणार ते सांगतो. बूस्ट करताना तुम्ही उद्दिष्ट (गोल) 'एंगेजमेंट' म्हणजे लाइक-कमेंट मिळवणं असं ठेवलं असेल तर फेसबुक लाइक करणारी माणसंच शोधून देतं, त्यातल्या कुणाला एडिटर हवाय का याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. गूगल सर्चवर मात्र माणूस स्वतःहून शोधत आलेला असतो, म्हणून तुमच्यासारख्या एकट्याने काम करणाऱ्यांना मी आधी तेच सुचवतो.

पण तुमच्या धंद्यात एक मोठा खड्डा आहे, तो नीट बघा. 'व्हिडिओ एडिटर' हा कीवर्ड (ज्या शोधावर तुमची अ‍ॅड दिसावी तो शब्द) टाकलात की फ्री अ‍ॅप शोधणारे, सॉफ्टवेअर डाउनलोड करणारे, कोर्स शोधणारे, एडिटरची नोकरी शोधणारे असे सगळे येणार आणि त्यांच्या प्रत्येक क्लिकचे पैसे तुमच्या खिशातून जाणार, कारण कीवर्ड नुसता टाकला की तो ब्रॉड मॅच धरला जातो, म्हणजे त्याच्याशी संबंधित कुठल्याही शोधावर अ‍ॅड दिसते. त्यामुळे फ्रेज किंवा एक्झॅक्ट मॅच (कीवर्डच्या अर्थाला जवळच्या शोधांपुरतीच अ‍ॅड दाखवणारे पर्याय) वापरा आणि फ्री, अ‍ॅप, डाउनलोड, कोर्स, जॉब, सॅलरी हे सगळे शब्द पहिल्याच दिवशी निगेटिव्ह कीवर्डमध्ये (ज्या शोधांवर अ‍ॅड दिसूच नये त्या यादीत) टाका. मग दर दोन-तीन दिवसांनी सर्च टर्म्सचा रिपोर्ट उघडायचाच, लोकांनी काय टाइप करून क्लिक केलं ते तिथे दिसतं, नको ते शब्द निगेटिव्हमध्ये टाकत राहायचं. हे कंटाळवाणं काम आहे पण पैसे इथेच वाचतात, कीवर्ड जेवढा नेमका (लग्नाचे व्हिडिओ, यूट्यूब चॅनेल, जे तुमचं असेल ते) तेवढं बरं. कॅम्पेन बनवताना डिस्प्ले नेटवर्कची (सर्चऐवजी इतर वेबसाइट्स आणि अ‍ॅप्सवर अ‍ॅड दाखवण्याची) टिकही काढून टाका.

बजेटचं म्हणाल तर रोजचा आकडा टाकला तरी गूगल एखाद्या दिवशी त्याच्या दुप्पट खर्च करू शकतं, महिन्याला मात्र त्या आकड्याच्या 30.4 पटीच्या वर जात नाही, तेव्हा घाबरू नका.

अ‍ॅड होमपेजवर नेऊ नका, एक वेगळं पेज करा, त्यावर एकच सर्व्हिस, तीन-चार चांगले नमुने आणि फॉर्म, बास. फॉर्म भरला की कन्व्हर्जन (अ‍ॅडवरून आलेल्याने विचारणा केल्याची नोंद) मोजलं जाईल एवढं सेटिंग अ‍ॅड सुरू करायच्या आधी करा, नाहीतर पैसे कुठे गेले ते कळणारच नाही.

आता हिशोब. समजा 100 क्लिकमागे 5 जणांनी विचारलं आणि त्यातल्या एकानेच काम दिलं, तर 100 क्लिकचा खर्च म्हणजे तुमच्या एका क्लायंटची किंमत. पहिल्या कामात तेवढे सुटत नसतील पण तो क्लायंट दर महिन्याला काम देणारा असेल तर परवडतं, एकदाच येऊन जाणारा असेल तर नाही परवडत. हे गणित फक्त तुम्हालाच मांडता येईल, कुठल्याही एजन्सीला नाही.

आणि हातात कामं भरली की कॅम्पेन पॉज करा, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. नव्याने विचारणाऱ्याला तुम्ही आठवडाभर उत्तरच दिलं नाहीत तर त्याच्या क्लिकचे पैसे वायाच गेले ना.