गावात कोणाला किती सरकारी अनुदान मिळालं हे कोणालाही बघता येतं का? शेतकऱ्याच्या खासगीपणाचं काय?

बघता येतं, पण सगळं एका जागी नाही.

पीएम किसानचं सोपं आहे. संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका निवडत गावापर्यंत गेलात की लाभार्थ्यांची नावं दिसतात, लॉगिनही लागत नाही. रक्कम सगळ्यांना सारखीच, वर्षाला 6,000. प्रश्न फक्त पात्र कोण एवढाच, आणि तिथेच गोंधळ झाला. आयकर भरणारे यात बसत नाहीत. तरी 2021 मध्ये केंद्र सरकारनेच संसदेत सांगितलं की 42 लाखांहून जास्त अपात्र लोकांच्या खात्यात जवळपास 3,000 कोटी गेले.

खरी मेख अतिवृष्टीच्या अनुदानात. केंद्राच्या निकषाने जिरायतीला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, बहुवार्षिक पिकांना 22,500 (राज्य सरकार मधूनमधून यात बदल करतं, तो भाग वेगळा). म्हणजे यादीत जिरायतीचं बागायत केलं की पैसे दुप्पट, आणि तहसीलात बसून ती ओळ वाचणाऱ्याला काही खटकणारही नाही. आमच्याकडे एका वर्षी चावडीवर यादी लावली होती: नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, रक्कम. एका माळाच्या गटापुढे बागायत लिहिलेलं. पारावरच्या म्हाताऱ्यांनी उभ्या उभ्याच पकडलं, "आरं, तिथं बोअर तरी हाय का?" पैसे पडायच्या आत दुरुस्ती झाली. पुढच्या वेळी यादीत फक्त नाव आणि केवायसीचा विशिष्ट क्रमांक. क्षेत्रच नाही, तर हरकत कशावर घेणार? जालना जिल्ह्यातला अतिवृष्टी अनुदानाचा घोटाळा 2025 मध्ये बाहेर आला, त्यात शेत नसलेल्यांच्या नावावरही पैसे उचलले गेले होते. गट आणि क्षेत्रासकट यादी गावात लागली असती तर हे इतकं लांबलं नसतं, असं माझं मत.

यादी लावत नसतील तर माहिती अधिकार वापरा. 2005 च्या कायद्याचं कलम 4(1)(ख) सांगतं की अनुदानाच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने आपणहून जाहीर करायचा आहे. तहसीलच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांची मुदत. "सर्व माहिती मिळावी" असं मोघम लिहू नका, टोलवतात. गाव, हंगाम, वर्ष आणि हवे असलेले रकाने नावानिशी लिहा. "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार आला तर अपिलात हेच कलम पुढे करा.

खासगीपणाचा मुद्दा मात्र फालतू नाही. जर्मनीतल्या हेसे राज्यातल्या शेतकऱ्यांनी तो लढवला, आणि 2010 मध्ये युरोपियन न्यायालयाने व्यक्तींची नावं सरसकट प्रसिद्ध करणं बेकायदा ठरवलं. पुढे नियम बदलून नावं परत आली, पण 1,250 युरोपर्यंतचे छोटे लाभार्थी वगळून. आपल्याकडे मी रेघ अशी ओढेन: नाव, गट, क्षेत्र, रक्कम उघडं, आधार, खाते क्रमांक, मोबाइल बंद. होतं नेमकं उलटं. चावडीवरच्या यादीत क्षेत्र नसतं, आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये खाते क्रमांक सापडतो. तशी पीडीएफ आली तर पुढे ढकलू नका, तहसीलला लेखी कळवा आणि पोच घ्या.