वाचक विचारतात : बाहुलीवरचा सराव आणि खरा रुग्ण

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. मुंबईतील एका प्रशिक्षणात संगणकावर चालणाऱ्या मॅनिकिनवर (माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर) आम्हांला आपत्कालीन उपचारांचा सराव दिला गेला. तसा सराव येथेही सुरू करावा असे मी सुचवले, तेव्हा आमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या की, बाहुल्यांशी खेळून पेशंट वाचत नाहीत आणि तसल्या यंत्राला आपल्याकडे पैसेही नाहीत. यात तथ्य किती?

उत्तर : बाहुल्यांचा टोला इतिहासाला धरूनच आहे. छाती दाबण्याचा आणि तोंडाने श्वास देण्याचा सराव जगभर ज्या पुतळ्यावर झाला, ती ‘रेसुसी ॲन’ १९६० साली नॉर्वेतील आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकानेच घडवली. त्याच्याही दोनशे वर्षे आधी मादाम द्यु कुद्रे या फ्रेंच सुईणीने कापडाचे, आत कापूस भरलेले मातेचे धड आणि बाळ तयार करून खेडोपाडीच्या स्त्रियांना अडलेले बाळंतपण शिकवले, आणि १७५९ मध्ये राजाने तिला देशभर फिरून शिकवण्याची सनद दिली.

पैशांविषयी सिस्टरांचे म्हणणे खरे आहे. पण आपल्याला हवे आहे त्यासाठी ते यंत्र लागत नाही. लहान रुग्णालयात आणीबाणीच्या वेळी अडते ते बहुधा ज्ञानापाशी नव्हे. डॉक्टरांनी हवेत सोडलेली सूचना कोणी घेतली हे कळत नाही, सिलिंडरची चावी सापडत नाही, दोघी एकाच कामाला धावतात आणि तिसरे काम तसेच राहते. या गोष्टी उघड होतात त्या आपल्याच वॉर्डात, आपल्याच औषधांच्या ट्रेसह, आपल्याच माणसांनी केलेल्या सरावात; मुंबईच्या सुसज्ज खोलीत त्या दिसणारच नाहीत.

फुरसे हा विषारी साप चावल्याचा प्रसंग घ्या, कारण आपल्या कातळपट्टीत तो नेहमीचा आहे. कक्षसेवकाने रुग्ण व्हावे, एका सिस्टरने घाबरलेली पत्नी व्हावे, आणि प्रसंग चालवणाऱ्याने नाडी, रक्तदाब, श्वासाची गती विचारली जाईल तेव्हाच सांगावी. या विषाने रक्त गोठेनासे होते; ते गोठते का हे पाहण्यासाठी स्वच्छ, कोरडी काचेची परीक्षानळी लागते आणि ती २० मिनिटे न हलवता ठेवावी लागते. रात्रीच्या पाळीत हा सराव केला की अनेकदा पहिलाच शोध असा लागतो की, काचेच्या नळ्या प्रयोगशाळेत कुलपात आहेत. तो शोध खोट्या रुग्णावर लागला हे भाग्यच म्हणायचे. पुढे प्रतिसर्पविषाच्या १० कुप्या विरघळवून ठिबक सुरू झाल्याचे धरावे आणि थोड्या वेळाने रुग्णाने अंगाला खाज सुटल्याचे, दम लागल्याचे, म्हणजे त्या औषधाची तीव्र ॲलर्जी झाल्याचे सांगावे. आता ठिबक कोण थांबवते, त्या ॲलर्जीवरचे ०.५ मिलिग्रॅम ॲड्रिनॅलिन मांडीच्या स्नायूत कोण देते आणि घेतलेली सूचना मोठ्याने परत उच्चारून ‘दिले’ असे कोण सांगते, हे घड्याळ लावून पाहावे.

सरावाची खरी किंमत त्यानंतरच्या चर्चेत आहे, म्हणून प्रसंगाला १० मिनिटे लागली तर चर्चेला २० द्यावीत. ‘तू हे का केले नाहीस?’ असे विचारले की माणसे गप्प बसतात. ‘त्या क्षणी तुला काय दिसत होते, मनात काय होते?’ असे विचारले की बोलू लागतात. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी खुर्चीत बसून पाहण्यापेक्षा प्रसंगात उतरावे, आणि ‘साहेब, ठिबक अजून चालूच आहे’ असे कक्षसेवकालाही म्हणता यावे. सरावातली चूक गोपनीय अहवालात जाणार नाही, हे आधीच जाहीर करावे; नाहीतर दुसऱ्या सरावाला कोणी मनापासून येणार नाही.

दोन बाबतीत मात्र तडजोड नको. रुग्णाचे सोंग घेतलेल्या माणसाची छाती कधीही दाबू नये. ५ ते ६ सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबण्याचा हात पुतळ्यावरच बसवावा लागतो, आणि त्यासाठी साधे, स्वस्त धडही पुरते. दुसरे असे की, सरावाच्या कुप्यांवर ठळक चिठ्ठी लावावी आणि सराव संपताच त्या मोजून बाहेर काढाव्यात, म्हणजे त्या खऱ्या औषधांत मिसळणार नाहीत.

पेशंट वाचतात का, याचे एक उत्तर इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयात मिळते. तेथे प्रसूतिकक्षातील डॉक्टर आणि सुईणी यांना आपल्याच रुग्णालयात, एकत्र, असा सराव दिला गेला. त्यानंतर प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याच्या प्रसंगी बाळाला होणाऱ्या इजांचे प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळ्याच प्रशिक्षणांना असे यश आलेले नाही. छाती दाबण्यासारखे कौशल्य तर तीन ते सहा महिन्यांत ओसरू लागते, म्हणून वर्षातून एकदा मोठे शिबिर घेण्यापेक्षा दर महिन्याला अर्धा तास मला अधिक मोलाचा वाटतो. सिस्टरांना पहिल्या सरावात पेशंटची आई करा. नातेवाइकांचे बोलणे त्यांच्याइतके कोणी ऐकलेले नसेल.

प्रश्न : माझी मुलगी सिंधुदुर्गात बी.एस्सी. नर्सिंग करते. तिचे बरेच तास पुतळ्यांवर जातात. रुग्णाला हात न लावता ती परिचारिका कशी होणार?

उत्तर : पहिले चुकीचे इंजेक्शन कोणाच्या तरी दंडावर पडणारच असेल, तर तो दंड रबराचा असलेला बरा. भारतीय परिचर्या परिषदेच्या सुधारित अभ्यासक्रमातही कौशल्य प्रयोगशाळेतील सरावाला जागा दिलेली आहे. मात्र जुलाबाने सुकलेल्या मुलाची शीर शोधणे किंवा मरणाची बातमी ऐकलेल्या घरच्यांजवळ उभे राहणे पुतळा शिकवत नाही, म्हणून या सरावाच्या नावाखाली वॉर्डातील पाळ्या कमी होत असतील तर आपण जरूर हरकत घ्यावी. एका पुतळ्यामागे किती मुली असतात, मुलीच्या हाताखाली तो किती वेळा येतो आणि सरावानंतर शिक्षिका बसून चर्चा करतात का, एवढे महाविद्यालयात विचारून पाहा.